जर्मनचा ‘माझं घर’ हा पाठ शेवटाकडून आखायचा आहे, मदत हवी

केतकी_कोथरूड | १४ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका शाळेत जर्मन शिकवते. आमच्याकडे सातवीला जर्मन सुरू होतं, म्हणजे आठवीचं दुसरं वर्ष. वर्गात ४६ मुलं, आठवड्याला चार तास, तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं फळा पुसण्यात आणि ‘मिस, पाणी प्यायला जाऊ?’मध्ये जातात.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेत जर्मनीहून मुलं आली होती, दहा दिवसांसाठी. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात त्यांच्यातल्या एका मुलीने माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला विचारलं, ‘वो इस्ट दी टोआलेटं?’ संडास कुठे आहे, एवढंच. हा पठ्ठ्या ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ‘दी टोआलेटं. फेमिनिन.’ स्त्रीलिंग! ती बिचारी वाट बघतेय. हा माझ्याकडे बघतोय, उत्तर बरोबर आलं ना म्हणून. तेव्हाच्या चाचणीत त्याला ४० पैकी ३८ होते, आणि त्याच पेपरात ‘टेबलाच्या बाजूला’, ‘कपाटाच्या मागे’ अशा दहा गाळलेल्या जागा त्याने एक चूक न करता भरल्या होत्या.

हसू आलं, पण रात्री झोप लागली नाही. शिकवलं मीच होतं ना तसं.

‘माझं घर’ हा पाठ मी गेली सात वर्षं असा घेते : फर्निचरचे २८ शब्द, नऊ शब्दयोगी अव्ययं, ‘कुठे’ला चतुर्थी आणि ‘कुठे जायचं’ला द्वितीया हा तक्ता, गाळलेल्या जागा, शेवटी ‘माझी खोली’ हा निबंध पाठ करायचा. बारा तास. यंदा आधी शेवटचा दिवस ठरवायचा आहे. बाराव्या तासाला मुलांना काय *करता* आलं पाहिजे, ते आधी, मग बाकीचं. वाचलंय थोडंफार, पण कागदावर उतरवायला बसले की पुन्हा ते २८ शब्दच समोर येतात. काय ठेवू, काय टाकू? आणि ४६ जणांचं बोलणं ऐकू कधी?

---

बेलापूरचा_बाबा | १४ जून, रात्री १०.३०

वाचतोय. आमच्या कन्येने अकरावीला मराठी सोडून जर्मन घेतलं, कारण एकच, मार्क. बारावीला छान मिळालेही. परवा घरी सहज म्हटलं, बोल की काहीतरी. ‘गुटन मोर्गन.’ रात्रीचे नऊ वाजले होते.

---

सई_न्यूजर्सी | १५ जून, सकाळी ६.१५

केतकी, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी उलट्या टोकाला आहे. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांना मराठी ही घरची भाषा असूनही परकी आहे. ऐकलेलं बरंच कळतं, बोलायची वेळ आली की ‘मी शाळेतून आली’ म्हणणारे मुलगे आणि ‘मी भूक आहे’ म्हणणाऱ्या मुली.

पहिली तीन वर्षं आम्हीही मुळाक्षरं, बाराखडी, फळांची नावं, भाज्यांची नावं असं शिकवत होतो. भोपळा सगळ्यांना यायचा. भोपळ्याचं करायचं काय ते कुणाला सांगता यायचं नाही. मग इथल्या सरकारी शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या एका पालक बाईंनी आम्हाला धरून बसवलं. इथे परदेशी भाषा शिकवणाऱ्यांची ॲक्टफल म्हणून संघटना आहे, त्यांनी १९८६ साली भाषेच्या येण्याच्या पायऱ्या लिहून काढल्या आणि पुढे बऱ्याच वेळा सुधारल्या. आपल्या कामाच्या पहिल्या दोनच. नवशिक्याला पाठ केलेले शब्द आणि तयार वाक्यं येतात. त्याच्या पुढचा स्वतःचं वाक्य जुळवतो, प्रश्न विचारतो, साधं काम उरकून येतो. तुझा तो ‘फेमिनिन’ मुलगा पहिल्या पायरीवर आहे, आणि त्याचं काही चुकलेलं नाही. तू त्याला दुसऱ्या पायरीचं व्याकरण देतेयस आणि पहिल्या पायरीचा सराव करून घेतेयस.

ध्येय कसं लिहायचं त्याची आमची खूण सांगते. वाक्य ‘मी’ने सुरू होऊन ‘शकते/शकतो’ने संपलं पाहिजे, आणि मधे एक खरा माणूस पाहिजे. ‘मी फर्निचरची नावं सांगू शकतो’ यात माणूस नाही. ‘मी घरी आलेल्या पाहुण्याला घर दाखवू शकतो’ यात आहे.

आमचा पाठ आहे ‘आजीला फोन’. ध्येय : आजीशी पाच मिनिटं बोलायचं, तिच्या तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची, तिला दोन प्रश्न विचारायचे. मग त्यासाठी लागतं तेवढंच आणलं : काल काय केलं, काय खाल्लं, तब्येत कशी आहे, तिकडे पाऊस आहे का. आधी एका आजींचा खरा व्हॉइस मेसेज ऐकवला, मग जोडीजोडीने बोलणं, आणि शेवटी नाशिकच्या चार आज्या तयार केल्या, ज्यांची नातवंडं या वर्गात *नाहीत*. आमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात तुमचे संध्याकाळचे सात. देवापाशी दिवा लावून आज्या फोनला तयार.

आणि फसलं कुठे माहितेय? मुलं अडखळली की आज्याच इंग्रजी बोलायला लागायच्या! ‘हाऊ इज युवर स्कूल, बेटा?’ इतक्या वर्षांची हौस. दुसऱ्या वर्षी आज्यांचाच अर्धा तास वर्ग घेतला : इंग्रजी बंद, थांबायचं, आणि एक प्रश्न ठरलेला नसलेला विचारायचा. त्या न ठरलेल्या प्रश्नावरच कळतं कुणाला काय येतं. बसवलेलं नाटक वेगळं आणि अचानक गाठ पडल्यावर निभावणं वेगळं.

---

जुना_जाणता | १५ जून, दुपारी १२.२०

चाळीस वर्षं भाषा शिकवल्या, आधी इंग्रजी, मग जर्मन. असे वारे दर दहा वर्षांनी येतात. आधी ‘थेट पद्धत’ आली, मग ‘संवाद पद्धत’, आता ही ‘शकतो-शकते’ पद्धत. आमची पिढी भाषांतराची पुस्तकं घोकून इंग्रजी शिकली आणि त्यातून हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

केतकीताई, विभक्तीचा तक्ता टाकलात तर ही मुलं नववीत येऊन रडतील आणि रडगाणं तुम्हीच ऐकाल. पर्यटकाची भाषा आणि विद्यार्थ्याची भाषा यात फरक आहे. संडास कुठे हे हाताने दाखवता येतं.

---

सुमिमासेन | १५ जून, दुपारी ३.०५

थोडं आडवं बोलतो. जपानीचा अनुवादक आहे, चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी कागदपत्रं करतो. जेएलपीटी या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही. वाचा, ऐका, पर्याय निवडा. सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत हेच. त्यामुळे एन-३ चं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली माणसं फोन वाजला की बाजूच्याकडे बघतात. मीही तसाच होतो. पहिल्या फोनला ‘शोशो ओमाची कुदासाई’, म्हणजे ‘जरा थांबा हं’, म्हणून ठेवूनच दिला. समोरचा थांबला असेल बिचारा.

पण माझं पोट वाचण्यावर चालतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीप वाचता आली पाहिजे, चुकली तर सुटा भाग चुकतो. मला कुणी ‘पाहुण्याला घर दाखव’ शिकवलं असतं तर मी वैतागलो असतो. बोलता येणं म्हणजेच भाषा येणं, हे नवं सोवळं होऊ नये. ध्येय कुणाचं, हे आधी विचारा. (तुमच्या वर्गाचं उत्तर मात्र बहुधा बोलणं हेच येईल, आठवीतली मुलं आहेत.)

---

केतकी_कोथरूड | १५ जून, रात्री १०.१०

सई, ‘मधे एक खरा माणूस पाहिजे’ हे डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. सुमिमासेन, मुद्दा पटला. उद्या मुलांनाच विचारते.

सर, तुमच्याशी भांडायची हिंमत नाही, पण एक हिशेब मांडते. चार तास गुणिले वर्षाचे कामाचे साधारण ३० आठवडे, म्हणजे १२० तास, प्रत्येकी ३५ मिनिटं. ४५ मिनिटांच्या तासात बसवले तर ९३. स्नेहसंमेलन, खेळ, गणपती, परीक्षा वजा केल्या तर वर्षाला ऐंशीच्या आसपास, सातवी-आठवी मिळून एकशेसाठ. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्सम्युलर भवन, ए-१ या पहिल्या पातळीसाठी ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास धरतं, तेही छोट्या वर्गात, मोठ्या माणसांसाठी. म्हणजे आठवीच्या शेवटी माझी मुलं जेमतेम ए-१ च्या आत असणार. पुस्तक मात्र तोवर भूतकाळ आणि जोडवाक्यं ओलांडून गेलेलं असतं. पुस्तक पुढे, मुलं मागे, आणि मी मधे दोरी ओढत.

आणि ए-१ म्हणजे तरी काय मागतात? युरोप परिषदेने २००१ साली जी सहा पातळ्यांची चौकट आणली तिच्या ए-१ मध्ये समोरचा सावकाश बोलणारा आणि मदत करणारा असेल हे गृहीतच आहे. परीक्षेत लिहायला काय, तर एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा निरोप. बोलायला स्वतःची ओळख, एका विषयावर प्रश्नोत्तर, आणि कार्ड उचलून एखादी विनंती. तक्ता कुठेच नाही. म्हणून तक्ता फेकणार नाही, पण दाराशी उभा करणार नाही. आत, लागेल तिथे.

---

सांगलीची_सिस्टर | १६ जून, पहाटे २.४०

नाइट ड्युटीवरून लिहितेय, जर्मनीतून. चुका पदरात घ्या.

मी नर्स. इथे परवान्यासाठी बी-२, म्हणजे सहातली चौथी पातळी, लागलं. क्लासमध्ये आम्हाला काय शिकवलं, तर सुट्टीत कुठे गेलो, हॉटेलची तक्रार, पर्यावरण रक्षणाचे फायदे-तोटे. सगळे पाठ. परीक्षा पास. वॉर्डात तिसऱ्या दिवशी एक आजी मला म्हणाल्या, ‘मिअर इस्ट श्लेष्ट.’ श्लेष्ट म्हणजे वाईट, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक. मला वाटलं, आजी स्वतःला वाईट म्हणतायत, म्हातारपणी होतं तसं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘नाइन, नाइन, झी झिंट झेअर गूट!’ तुम्ही फार चांगल्या आहात हो.

त्या वाक्याचा अर्थ ‘मला मळमळतंय’ असा आहे. तसराळं आणायला उशीर झाला. चादर, गाऊन, माझे बूट.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. उजवीकडे पेशंट काय म्हणतात, डावीकडे मला काय करायचंय. कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागली का, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला काय सांगायचं. तीन महिन्यांत त्या वहीने जे दिलं ते क्लासच्या आठ महिन्यांनी दिलं नाही. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावाकडून सारखे फोन येतात, ताई क्लास कुठला लावू. मी म्हणते, क्लासवाल्यांना विचार, शेवटी मला पेशंटशी बोलता येईल का? ते जर ‘सगळं व्याकरण कव्हर होतं’ म्हणाले तर दुसरा बघ.

सर, राग मानू नका. मला विभक्त्या हव्याच होत्या. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’ हे नीट रुजलं असतं, तर ‘मी वाईट’ असं वाटलंच नसतं.

---

मांद्रेकर | १६ जून, सकाळी ११.३०

वाचून मजा आली. आमच्या गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन लोक यायला लागले तशी आम्ही रशियन शिकलो. क्लास ना, पुस्तक ना. आकडे, ‘स्किद्का’ म्हणजे सूट, ‘दोरगा’ म्हणजे महाग. माझा भाऊ रशियनमध्ये शहाळ्याच्या भावावरून पंधरा मिनिटं हुज्जत घालतो. पण एकदा एका बाईचा मुलगा हरवला, तेव्हा ती काय सांगते ते त्याला अक्षर कळेना. शर्टाचा रंग, वय, केस, यातलं काही त्याच्या धंद्यात कधी लागलंच नव्हतं. मुलगा सापडला, शॅकमागे मांजराशी खेळत होता.

---

जुना_जाणता | १६ जून, संध्याकाळी ५.४५

सिस्टर, राग कसला. तुमची ती आजी दिवसभर डोक्यात होती. तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत आणि तरी मी हरलो असं वाटतंय.

केतकीताई, तक्ता ‘लागेल तिथे’ आणणार असाल तर एक गोष्ट सांगतो. मराठी मुलांना हा तक्ता परका नाही. टेबल – टेबलावर. घोडा – घोड्यावर. खिडकी – खिडकीपाशी. शाळा – शाळेत. ‘घोडावर’ कुणी म्हणत नाही. शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी नाम आपलं रूप बदलतं, आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. जर्मनमध्ये नाम बहुधा तसंच राहतं, त्याच्या आधी येणारं ‘डेअर’ हे उपपद बदलून ‘डेम’ होतं. बदल तोच, जागा वेगळी. मी हे पंधरा वर्षं इंग्रजीच्या आधाराने समजावत होतो, कारण पुस्तकं इंग्रजीतून होती, आणि इंग्रजीत यातलं काही नाही. एका नगरच्या मुलाने मला विचारलं, ‘सर, हे आपल्या घोड्याचा घोड्यावर होतो तसंच ना?’ तेव्हा माझी ट्यूब पेटली.

लिंगाचंही तेच. त्यांचं डेअर-दी-दास म्हणजे आपलं तो-ती-ते, ते आपल्याला जन्मापासून आहे, फक्त वाटणी जुळत नाही. आपला काटा पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपली सुरी स्त्रीलिंगी, त्यांची नपुंसकलिंगी. चमचा मात्र दोन्हीकडे तो. मुलांना हे भांडण फार आवडतं.

आणि खरी अडचण कुठे येईल तेही सांगतो. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर ठेव’, मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’. जर्मनमध्ये पहिल्याला चतुर्थी, दुसऱ्याला द्वितीया. इथे मराठी मदतीला येत नाही, मुलं इथेच पडणार. पण घर *दाखवायचं* असेल तर सगळं ‘आहे’वरच भागतं. ‘ठेव’ लागतच नाही! तुमच्या ध्येयाने अर्धा तक्ता आपोआप पुढच्या पाठावर ढकलला, बघा.

---

सई_न्यूजर्सी | १६ जून, संध्याकाळी ७.००

सर, दंडवत. केतकी, हे सोडू नकोस.

---

केतकी_कोथरूड | १९ जून, रात्री ११.२०

सर, तीन दिवस मी त्या ‘घोड्यावर’वरच बसलेय.

मुलांना विचारलं, जर्मनमध्ये काय करता आलं पाहिजे असं वाटतं. ‘मिस, गेममध्ये समोरच्याला शिव्या’ हे वगळता बहुतेक उत्तरं डिसेंबरच्या पाहुण्यांभोवतीच होती. यंदाही येणार आहेत ते, आणि काहीजण मुलांच्या घरी राहणार आहेत. म्हणजे खरा माणूस आयताच मिळाला.

तर ध्येय असं : ‘घरी आलेल्या पाहुण्याला मी दोन-तीन मिनिटांत घर दाखवू शकतो, काय कुठे आहे ते सांगू शकतो, आणि न कळलेलं पुन्हा विचारू शकतो.’ शेवटचा तुकडा मला फार महत्त्वाचा वाटला. माझ्या मुलांना ‘वी बिटं?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, हे येतच नव्हतं. वर्गात कधी लागलं नाही, कारण वर्गात प्रश्न मी विचारते आणि उत्तर पुस्तकात असतं.

शब्दांची यादी घेऊन बसले. २८ मधले ११ उडवले. गालिचा, दिवाणखान्यातला झुंबरसदृश दिवा, पुस्तकांची मांडणी. आमच्या मुलांच्या घरात यातलं किती आहे? उलट देवघर, गॅलरी, पाण्याचा फिल्टर, गीझरचं बटण, चपला कुठे काढायच्या, हे पाहुण्याला लागतं आणि पुस्तकात नाही. ‘देवघर’ला शब्दच नाही, मग ‘इथे आम्ही देवाची पूजा करतो’ असं वाक्य लागलं, ते दिलं. नऊ अव्ययांपैकी पाच घेतली : आत, वर, बाजूला, मागे, समोर. बाकी चार नंतर.

‘स्वयंपाकघरात’, ‘बाथरूममध्ये’, ‘दाराच्या बाजूला’ हे अख्खे तुकडे पहिल्या चार तासांत नुसते बोलायचे, ‘डेम’ का ‘डेअर’ विचारायचं नाही. पाचव्या तासाला सरांचा घोडा. पाठांतराचा ‘माझी खोली’ निबंध काढून टाकला, त्याऐवजी पाहुण्याला आधी पाठवायचा छोटा निरोप. मुख्याध्यापिका बाईंना ए-१ परीक्षेचा नमुना दाखवला, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. लेखी चाचणी तशीच राहणार, त्यात हात घालायची मुभा नाही.

आता ४६ जणांचं बोलणं ऐकण्याचं सांगा.

---

सई_न्यूजर्सी | २० जून, सकाळी ६.३०

सगळ्यांचं सगळं ऐकू नकोस. आमच्या बाईंनी मला दिलेला गुणांचा तक्ता आठ रकान्यांचा होता, उच्चार, ओघ, शब्दसंपदा, काय काय. तो भरता भरता मूल काय बोललं तेच ऐकू यायचं नाही. आता दोनच प्रश्न : पाहुण्याला कळलं का? अडल्यावर सावरलं का? प्रत्येकी तीन पायऱ्या, बस.

आणि मुलांकडून ‘मला जमतं’ च्या चौकोनात खुणा करून घेणार असशील तर सावध. आमच्याकडे सगळ्यांना सगळं जमायचं. आता खुणेच्या बाजूला पुरावा मागते : कुणाशी बोललास, केव्हा, काय अडलं.

---

सुमिमासेन | २० जून, सकाळी ९.१५

फोनवर रेकॉर्डिंग मागवा. पण कागद समोर ठेवून वाचतील, आवाजावरून लगेच ओळखू येतं. डोळे ओळीवरून उडी मारतात तिथे श्वास घेतात.

---

बेलापूरचा_बाबा | २० जून, सकाळी १०.००

धाग्याला वाचनखूण. कन्येला पाठवला आहे, तिने अंगठा पाठवला. कोणत्या भाषेतला कळलं नाही.

---

केतकी_कोथरूड | ३० ऑगस्ट, रात्री १०.४५

मंडळी, पाठ संपला. बाराचे पंधरा तास लागले, आधीच सांगते.

पहिल्या आठवड्यात वाट लागली. बाकांची घरं केली, दोन बाकं म्हणजे स्वयंपाकघर, खिडकी म्हणजे गॅलरी. ४६ मुलं एकमेकांना घर दाखवायला लागली तेव्हा बाजूच्या गणिताच्या सरांनी दारात येऊन नुसतं बघितलं. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मग अर्धा वर्ग लिहिणार, अर्धा बोलणार असं केलं. ‘वी बिटं’ शिकवल्यावर दोन दिवस वर्गात दुसरं काही ऐकूच येईना. गृहपाठ कुठे? ‘वी बिटं?’

घोडा मात्र चालला. फळ्यावर ‘घोडा + वर’ लिहून विचारलं, घोडावर का नाही म्हणत? कुणालाच कारण सांगता येईना, पण सगळे हसले. मग बाजूला ‘डेअर टिश’ आणि ‘आउफ डेम टिश’, म्हणजे टेबल आणि टेबलावर. एरवी ज्यासाठी तीन तास जातात ते एका तासात ओळखीचं झालं. चुका होतात अजून, स्त्रीलिंगात ‘दी’चा ‘डेअर’ होतो तिथे तर भरपूर, पण ‘हे असं का?’ हा प्रश्न थांबला.

रेकॉर्डिंग घरून मागवली, जोडीने : एक यजमान, एक पाहुणा, पाहुण्याने एक तरी न ठरलेला प्रश्न विचारायचा. ३९ आली. सुमिमासेन, तुमचा श्वासाचा नियम नऊ जणांना लागू पडला, त्यांना वर्गात परत बोलावलं. पहिल्या प्रश्नाला, पाहुण्याला कळलं का, ३९ पैकी ३१ जण पार. दुसऱ्या प्रश्नावर, अडल्यावर सावरलं का, जेमतेम निम्मे. ते पुढच्या पाठात.

लेखी चाचणीत वर्गाचे गुण गेल्या वर्षीपेक्षा किंचित कमी आहेत. गाळलेल्या जागांचा सराव कमी झाला, दुसरं काय. दोन पालकांनी विचारलं. त्यांना मुलांची रेकॉर्डिंग ऐकवली. एक आई गप्प झाल्या, दुसऱ्या म्हणाल्या, ‘ते ठीक आहे, पण मार्क?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. फायनलला नऊ अव्ययं आणि अख्खा तक्ता येणारच आहे, त्यामुळे नोव्हेंबरात उरलेलं घ्यायचंय, आणि त्याला कोणता खरा माणूस शोधायचा ते सुचत नाही.

आणि आपला फेमिनिन. त्याचं रेकॉर्डिंग अडीच मिनिटांचं आहे. मित्र पाहुणा झालाय. हॉल, स्वयंपाकघर, गीझरचं बटण, सगळं नीट, जरा घाईत. मग मित्राने एका बंद दाराकडे बोट दाखवून विचारलं, ‘उंट हिअर?’ आणि इथे? तेवढ्यात मागून त्याच्या आईचा आवाज, ‘अरे तिकडे नको नेऊ, पसारा आहे!’ हा एक क्षण थांबला आणि म्हणाला, ‘नाइन. हिअर निष्ट. हिअर इस्ट काओस.’ नाही, इथे नको, इथे गोंधळ आहे.

---

जुना_जाणता | ३० ऑगस्ट, रात्री ११.०५

शाब्बास. ‘काओस’चं लिंग विचारलंत का त्याला?

---

केतकी_कोथरूड | ३० ऑगस्ट, रात्री ११.१०

नाही सर. पण रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यानेच हळूच सांगितलंय. ‘दास.’